गोवऱ्यांखालचं पेव

पेवाची जागा मी माझ्या तोंडानं गिरदावराला सांगितली. कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. उंबऱ्यात उभी राहून, पदर खोचून, मान वर करून सांगितली. अठरा वर्षांची होते. अक्कल मुळातच बेताची, आणि होती ती त्या सकाळी बहुतेक चुलीत घातली असावी.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं ज्वारीचं कोठार. जळकोटकडं तेव्हा घरोघरी असायचं, आणि घरोघरी लपवलेलं असायचं. राज्य निजामाचं. गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, लेव्हीची माणसं घेऊन यायचा आणि दिसंल त्या धान्यातला सरकारी वाटा उचलायचा. आमचं पेव परसात गोवऱ्यांच्या राशीखाली. मालक सोलापुरात गिरणीत, त्यामुळं जागा ठाऊक दोघींनाच: आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आणि मला. सुगीत भरलेलं पेव दिवाळीपर्यंत उघडायचं नाही, हा नेम. पावसाळ्यात उघडलं की ओल शिरते आणि ज्वारी कुजते. वर्षाची भाकरी त्या खड्ड्यात.

त्या श्रावणात पंचमीच्या बांगड्या घेऊन कासार सोलापूरकडून आला. हात दाबता दाबता म्हणाला, “दिल्लीत आपलं राज आलं बायांनो. लोकांनी निवडलेला माणूस गादीवर बसलाय.”

झालं. बांगड्या राहिल्या बाजूला आणि आम्ही त्या माणसाला कामं वाटायला बसलो. एक म्हणाली, आता विहिरीला पाणी लागंल. दुसरी म्हणाली, जावयाची शिंदी सुटंल. तिसरीची म्हैस तीन वर्षं गाभण राहत नव्हती; तिनं तेही त्याच्याच माथी मारलं. मी म्हटलं, “लेव्ही तर आजपासूनच बंद.” कोणी सांगितलं होतं मला? कोणीच नाही.

आत्याबाई ओट्यावरून ऐकत होत्या. “बांगड्या खपवायला कासार काय बी बोलंल. निवडला म्हणं. तुला इचारलं का कुणी? मला इचारलं का? आपल्याकडं तर गिरदावर हाय तोच हाय.”

मला त्यांचाच संशय आला. म्हटलं, म्हातारीला नवं राज्य खुपतंय. लेव्ही गेली तर पेवाचं गुपित गेलं, आणि गुपित गेलं तर हिचा तोरा गेला. संशय घेण्यात मी काही कमी नव्हते. आत्याबाईंचा घ्यायची, शेजारणीचा घ्यायची, कासाराच्या काचेचासुद्धा घ्यायची. ज्याला जन्मात पाहिलं नव्हतं, त्याचा तेवढा घेतला नाही.

पुढच्या सोमवारी आत्याबाई महादेवाला बेल वाहायला गेल्या, आणि गिरदावर दारात. बरोबर दोन माणसं.

“बाई, पेव हाय का घरात? खरं बोला.”

याला रोजचं उत्तर ठरलेलं होतं: कुठलं पेव साहेब, रोज दळतो, रोज खातो. मी म्हटलं, “हाय की! त्या गोवऱ्यांखाली हाय. पर आता तुमचं काय चालत न्हाय. दिल्लीत आमचा माणूस बसलाय. हात तर लावून दावा!”

गिरदावरानं माझ्याकडं बघितलं, मग आपल्या माणसांकडं. “बाईंनी इज्जतीनं सांगितलंय. त्यांच्या दिल्लीवाल्याचा हुकूम येस्तोवर गोवऱ्या बाजूला सारा.”

गोवऱ्या सारल्या, दगड उचलला. आणि मी काय करत होते? सोलापूरच्या रस्त्याकडं बघत होते. खरंच वाटत होतं मला, एखादी मोटार येईल, तो माणूस उतरेल आणि म्हणेल, थांबा. रस्त्यावर एक बैलगाडी तेवढी आली. तीही लेव्हीची पोती न्यायला.

ते त्यांचा वाटा घेऊन गेले. पेवाचं तोंड उघडं पडलं आणि दुपारी पावसानं झड धरली. आत्याबाई आल्या, खड्ड्याकडं बघितलं आणि टोपली उचलली. उरलेली ज्वारी आम्ही दोघींनी घरभर पसरली. ऊन पडेना. चौथ्या दिवशी घराला आंबूस वास सुटला.

त्याहून वाईट झालं ते पाणवठ्यावर. माझी घागर दिसली की बायकांची तोंडं मिटायची. एकीनं तोंडावरच विचारलं, “गिरदावरानं काय कबूल केलंया गं तुला?” ज्यांच्याबरोबर बसून मी त्या दिल्लीच्या माणसाला विहीर अन् म्हैस सोपवली होती, त्याच बायका रातोरात आपापल्या पेवावर चिखल थापून जागा झाकत होत्या, माझ्या भीतीनं. घरात आत्याबाई माझ्याकडं न बघता भाकऱ्या थापायच्या. मला वाटायचं, ही मनात माझं बोचकं बांधतेय. पाऊस उघडला की माहेरी धाडणार. त्या चुलीपुढून उठल्या तरी मी खुंटीवरचं माझं लुगडं जागेवर आहे का ते बघायची.

आठव्या दिवशी सूप घेऊन त्या माझ्यासमोर बसल्या. चांगली ज्वारी एकीकडं, काळी पडलेली एकीकडं. अर्धीअधिक काळीच. मला राहवलं नाही. म्हटलं, “आत्याबाई, मला वाटलं, त्यो मानूस येईल.”

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “पोरी, आधीच आख्ख्या मुलखाचं ओझं त्याच्या डोस्क्यावर, त्यात तू आपलं पेव बी ठिवलंस. त्याला आपल्या गावाचं नाव तरी कुणी सांगितलंय का? आता रडू नगंस. ती काळी तिकडं सार, कोंबड्यांला व्हईल.”