एका चाकाला मिशा

माजरीच्या रस्त्यावर पडलेल्या एका लोखंडी पट्टीने माझ्या गाडीचा मागचा डावा टायर बाजूने फाडला, इथपर्यंत चूक माझी नव्हती. पुढची मात्र सगळी माझी. टायरवाला म्हणाला, "भाऊ, चारही चाकं ओढणारी गाडी आहे ही. एकच नवा नका टाकू, चारही बदला." त्यावर मी त्यालाच दहा मिनिटं समजावलं, की अशी गाडी फार समजदार असते, कोणत्या चाकाला किती जोर द्यायचा ते तिचं तीच ठरवते. शिवाय बाकीचे तीन टायर अजून वर्षभर तरी चालणार होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, एक नवा टायर चढवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. वाद जिंकल्याचा आनंद मला पुढे तीन आठवडे पुरला.

गाडी मी जुनीच घेतली होती, पण घेतली ती चारही चाकांच्या ताकदीपायीच. सासर ब्रह्मपुरीकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. पावसाळ्यात तिथल्या शेतांमधल्या पांदणीतून आपली गाडी सरळ सासऱ्यांच्या अंगणात जाऊन उभी राहील, असं चित्र मी डोळ्यांपुढे ठेवलं होतं. प्रत्यक्षात तिने चिखल पाहिला तो एकदाच, मेहुण्याच्या लग्नात, तोही मंडपामागे पाण्याची टाकी उलटली म्हणून. तरी मी चारचौघांत तिचे गुण सांगायचं सोडलं नाही.

त्या सकाळी मात्र गाडीवर खरंच काही अवलंबून होतं. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. माणूस आला एवढं त्यांना कळायचं, कोण आला ते आवाजावरून. ऑपरेशनला त्या दोन वर्षं नाही म्हणत होत्या. शेवटी बायकोने कसंबसं कबूल करून घेतलं, गडचिरोलीच्या दवाखान्यात दहा वाजताची वेळ मिळाली, तेव्हा त्यांनी अट घातली. "येतो. पण रस्त्यात काही आडवं आलं तं मी परत. मंग मले कोणी म्हनाचं नाई." त्या बोलल्या म्हणजे बोलल्या. त्यामुळे निघताना बायकोने मला अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन बजावलं, "मांजर गेली तरी बोलू नका. रेल्वेचं फाटक बंद दिसलं तरी गप्प राहा."

मांजर गेली नाही. सात वाजता सासरहून निघालो. दोन्ही बाजूंनी धान कापणी चालली होती आणि मी मजेत होतो. आरमोरीच्या अलीकडे एका वळणावर गाडीच्या पोटातून जातं ओढल्यासारखा आवाज आला. पुढच्या वळणावर पुन्हा. मग जळक्या तेलाचा वास.

"जवाई, का वाजून राह्यलं?" मागून सासूबाई.

"काही नाही आई. रस्ता खराब आहे."

"रस्ता तं चांगला लागून राह्यला."

मी गाडी कडेला घेतली, खाली वाकून पाहिलं. पुढची-मागची चाकं जोडणाऱ्या मधल्या दांड्याला धानाच्या तणसाची, म्हणजे पेंढ्याची, एक गुंडाळी अडकलेली दिसली. रस्त्यावर लोक तणस पसरतात, त्यातलीच. मी ती मोठ्या आत्मविश्वासाने ओढून काढली, हात झटकले आणि बायकोला खूण केली, झालं. बायकोने तणसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. गाडी पन्नास पावलं गेली आणि खालून कोणीतरी घण मारल्यासारखा दणका बसला.

थोड्याच अंतरावर ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान दिसत होतं. तिथवर गाडी गोगलगायीसारखी नेली आणि जाहीर केलं, "आई, जरा चहा घेऊ."

मिस्त्री माझ्याच वयाचे, मेहंदी लावलेल्या दाढीचे, एका मळणीयंत्राच्या खाली अर्धे शिरलेले होते. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. गाडीत बसलेल्या म्हातारीला कळता कामा नये, हेही सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे भाऊ, पहिले चहा सांगतो," आणि खरोखरच पलीकडच्या घरातून चहा मागवला. सासूबाईंना स्टुलावर बसवलं. त्यांनी एक घोट घेतला.

"हे कसलं हॉटेल? लोखंड कुटून राह्यले इथी."

"मागे काम चालू आहे, आई," बायको म्हणाली.

"गाडी बिघडली ना?"

आम्ही दोघंही एकदम "नाही" म्हणालो. दोघांनी एकदम म्हटलं की खोटं पकडलं जातं, हे मला लग्नाला बावीस वर्षं होऊनही समजलेलं नाही.

सासूबाई उठल्या. चहाची कपबशी बायकोच्या हातात देऊन त्या गाडीशी गेल्या. त्यांच्या माहेरी बंडीची, म्हणजे बैलगाडीची, चाकं बनवायचे, हे मी कितीदा तरी ऐकलं होतं आणि दर वेळी विषय बदलला होता. त्यांनी पुढच्या टायरवर हात ठेवला, बोटांनी चाचपला. मग पदर सावरत मागचा. गाडीला पुढून वळसा घालत तिसराही चाचपला आणि चौथ्या, मागच्या डाव्या टायरपाशी त्या थांबल्या. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, तसे काही अजून बाजूला शिल्लक होते.

"याले तं मिशा आहे," त्या म्हणाल्या. "बाकीचे तिघं सफाचट. हे चाक मोठं आहे, मिस्त्रीभाऊ. बंडीचं एक चाक मोठं बसवलं तं बैल मरते."

मिस्त्रींनी गाडीखालून डोकं बाहेर काढलं. पोत्याची सुतळी आणली, नव्या टायरभोवती फिरवून गाठ मारली आणि तीच सुतळी जुन्या टायरला लावली. गाठ दोन बोटं पुढे गेली.

"बरोबर बोलली माय," ते म्हणाले. "हे चाक चालते कमी, ते चालते जास्त. पुढचे अन् मागचे भांडून राह्यले, अन् मधात दोघाले जोडनारी ही कपलिंग समजावून राह्यली. किती दिवस समजावन? जळली." मग माझ्याकडे वळून, "एकच टायर काऊन टाकला भाऊ? कोणी सांगितलं नाई का?"

मी म्हणालो, सांगितलं होतं. सगळं कबूल करायचंच तर एकदाच करावं.

घड्याळात पावणेनऊ झाले होते. मिस्त्री म्हणाले, कपलिंग चंद्रपूरलाच होईल, पण मागच्या चाकांकडे जाणारा दांडा काढून टाकतो, गाडी पुढच्या दोन चाकांवर जाईल. पंधरा-वीस मिनिटांत त्यांनी तो दांडा उतरवलासुद्धा. मी इतकी वर्षं जिची थोरवी गात आलो, ती वस्तू म्हणजे मनगटाएवढ्या जाडीचं एक काळं नळकांडं होतं. ते त्यांनी पोत्यात गुंडाळलं.

मी बायकोकडे पाहिलं. तिने आईकडे. आडवं आलं होतं, त्यात शंका नव्हती, आणि अट आम्हा दोघांना तोंडपाठ होती.

सासूबाईंनी विचारलं, "ते काढून टाकलं, तरी चालन का गाडी?"

"चालन ना माय. खराब झालं तेच काढलं," मिस्त्री म्हणाले. त्यांना अटीचं काहीच ठाऊक नव्हतं. "उलटी आता मोकळी झाली."

त्यांची बोटं पुन्हा त्या मिशांवर गेली.

"मंग चला लवकर," त्या म्हणाल्या. "माह्या डोळ्यातलंही खराबच आहे. तेच तं काढाचं आहे."

बायकोने दार उघडलं ते इतक्या घाईने, की दार माझ्या गुडघ्यावर बसलं. पोत्यातला दांडा मागच्या सीटपुढे आडवा ठेवला. सासूबाईंनी त्यावर पाय टेकले आणि वैनगंगेचा पूल ओलांडून आम्ही दहाला दहा कमी असताना दवाखान्यात पोचलो. गाडीने तक्रार केली नाही. वॉर्डात त्या प्रत्येकीला सांगत होत्या, आमच्या जवायाची गाडी अर्धी पोत्यात आहे, तरी चालते.

दुसऱ्या दिवशी एका डोळ्याची पट्टी सुटली. डॉक्टरांनी किती बोटं विचारलं, त्यांनी बरोबर सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जवाई, तुमी तं पिकले." गेली दोन वर्षं त्यांनी मला काळ्या केसांचा समजलं होतं, ते सुख तिथे संपलं.

चंद्रपूरला गाडी दुरुस्त झाली, चारही टायर एकदम बदलले. त्यानंतर घरी कोणी आलं की मी हा किस्सा सांगतो. सांगता सांगता सुतळी माझ्या हातात कधी येते, ते मलाही कळत नाही. परवा असाच रंगात आलो होतो. पाहुणे गेले, बायको कप उचलत आईच्याच सुरात म्हणाली,

"पुढच्या वेळी टायर घ्याले जान, तं आईले संगं घेऊन जाजा."