समुद्राचा म्हणून खाल्लेला मासा

मालवणची सहल मी काढली होती, पण समुद्र बघायला नव्हे. माझा थोरला भाऊ माझ्या हातचा मासा खात नव्हता, म्हणून.

आमच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. नंतर सांगवीत जमीन केली, ऊस लावला. मी एकटा भिगवणला गेलो. उजनी धरणाच्या पाण्यावर कोळ्यांकडून मासा घ्यायचा आणि रेल्वेनं पुढं पाठवायचा, असं करत करत नव्वद सालानंतर हायवेला स्वतःची खानावळ टाकली. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्याची माणसं यायची आणि परत जाताना माझ्याकडं रस्सा भुरकायची. दादा मात्र भिगवणला आला तरी समोरच्या टपरीवर चहा पिऊन परत जायचा. म्हणायचा, "तुझ्या मासळीला गाळाचा वास येतो." खाल्ला कधी नाही, पण वास त्याला पाठ होता. मी घरी गेलो की वहिनी माझी चप्पलसुद्धा उंबऱ्याबाहेर लांब ठेवायला लावायची.

मी हिशेब केला. समुद्राचा मासा म्हटलं की याला कमीपणा वाटणार नाही. एकदा जीभ सोकावली की माझ्या खानावळीत येईल. जीपवाल्याशी अर्धा दिवस घासाघीस केली आणि दादाला, त्याच्या दोन दोस्तांना घेऊन निघालो. एक कारखान्याचा सभासद, सगळे त्याला तात्या म्हणायचे. दुसरे दूधसंस्थेतले आबा.

समुद्रानं पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरवलं. वारा सुटला होता. डॉल्फिन दाखवणारे होडीवाले वाळूत पत्ते कुटत बसलेले. मी भाव काढला, तर एकानं मानही वर केली नाही. अंग घामानं चिकट, दातांत वाळू. किनाऱ्यावर फेसात लिबलिबीत काहीतरी मेलेलं पडलं होतं, त्यावर माश्या घोंगावत होत्या. सुरूच्या झाडावर पांढऱ्या पोटाचा मोठा गरुड बसला होता, तेवढाच काय तो बघण्यासारखा. पण आमच्या मंडळींनी पाणी बघितलं की हात जोडायचे.

"ह्याला म्हणायचं पाणी," तात्या म्हणाले. "न्हायतर आपली उजनी. नुसतं शेवाळ."

त्याच शेवाळाच्या पाण्यावर ह्यांचा ऊस उभा होता.

दुपारी एका घरगुती खानावळीत जेवायला बसलो. ताटात तळलेली तुकडी, तिरफळाचा झणझणीत रस्सा, भात आणि गुलाबी सोलकढी. दादानं मालकाला विचारलं, "मासा समुद्राचाच हाय ना?"

"समुद्र समोर आसा, मगे खंयची मासळी असतली?" मालक म्हणाला आणि आत गेला.

दादानं घास घेतला. मी ताट सोडून त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्यानं दुसरा घेतला, मग रश्श्यात भात कालवला.

"आरं, ही चव बघ," तो मला म्हणाला. "न्हायतर तुझं! भिगवणात बसून काय विकतोस तू?"

"खाऱ्या पाण्याचा मासा गोड असतो, दादा," आबा काटे चोखत म्हणाले. "आपल्याकडं तसलं न्हाय व्हायचं."

तेव्हा मी तुकडी मोडली. मांस बोटाखाली पिठासारखं फुटलं. आत दोन फाट्यांचे बारीक काटे होते. हे काटे मी रोज बघत होतो. धरणाचा रोहू, तोही बर्फात पडून शिळा झालेला! हात धुवायचं निमित्त करून मागं गेलो, तर उकिरड्यावर रुपयाएवढी खवलं.

मालक तिथंच होता. मी बोट दाखवताच तो ओशाळला. "वारो सुटलो हा, होड्यो बंद. कोल्हापुराकडसून आणलंय. पावण्यांक उपाशी ठेवू काय?"

त्याचा मला राग आला नाही. धंदा होता. राग आला तो आत मिटक्या मारणाऱ्यांचा. माझ्याकडचा सकाळी पाण्यातून काढलेला मासा ह्यांना नको, आणि हे मऊ पडलेलं मढं गोड लागतं!

तरी मला आनंदही झाला. दादाला धरणाचा मासा आवडला होता. मी आत जाऊन सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, "दादा, रोहू हाय हा. मी विकतो तोच. खवलं मागं पडल्यात, बघून ये. आता तर येशील माझ्याकडं?"

दादाचा हात थांबला. त्यानं तोंडातला घास ताटात काढून ठेवला आणि तांब्या उचलून तिथंच चूळ भरली.

"तरीच," तो म्हणाला, "मगाधरनं कशाचा वास येतोय म्हणलं."

"व्हय, मलाबी आला हुता," तात्या म्हणाले. आबांनी चोखलेला काटा हळूच ताटाखाली सारला.

मला त्या माशाची नाही, त्या तोंडांची किळस आली. ताट लाथाडावंसं वाटलं. मालकाला पुरे पैसे दिले, घासाघीस न करता, आणि जीपमध्ये जाऊन बसलो.

दादा आजवर माझ्या खानावळीची पायरी चढलेला नाही. पाव्हणे आले की सांगतो, "मालवणात मासा खाल्ला, तसा मासा जगात न्हाय." मी समोर बसलेला असलो तरी सांगतो. एकदा तर मला म्हणाला, "व्हय का न्हाय रं?"

मी उठून भिगवणची एसटी धरली.