गारढोण कचोरी
तापल्या तेलातल्या हिंगाचा वास आला की भोसले घाटावरची ती सकाळ आठवते आणि अजून डोकं फिरतं. मोटरबोट गेली की मागे उठणाऱ्या लाटांवर अंग झोकून आम्ही चुलत भावंडं काठाकडे यायचो. त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे मीच होते. मग सडकून भूक लागली, सगळे कचोरी खायला निघालो, तर काका मला म्हणाले, “तू सरळ घरी जा. ओल्या कपड्यांत लोक बघतात.” आणि भाऊ? नुसत्या ओल्या गमछ्यांवर उघडेबंब! माझी कचोरी द्रोणातून घरी आली, गारढोण. आता मी पोहून ओल्या कपड्यांतच दुकानासमोर गरम कचोरी खाते आणि थकलेल्या काकांची घरी नेते. “गार झाली गं,” ते कुरकुरतात. “घरी आलेली गारच असते, काका.”