सेव्ह दाबेपर्यंत

शिकवण्याबद्दल लिहावं एवढा मी मोठा नाही, म्हणून आधीच माफी मागतो. मी स्वतः अजून टीवायबीकॉमला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. गाव पेण तालुक्यात, गागोद्याच्या बाजूला. शिक्षणासाठी रोह्यात मावशीकडे राहतो आणि दुपारी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये नवख्यांना शिकवतो. तिथला एकच प्रसंग सांगतो.

त्या दिवशी म्हात्रेकाकांच्या स्क्रीनवर एकाच ट्रकचा नंबर चार वेळा होता. पहिल्या तिन्हींपुढे त्यांनी 'रद्द' असं टाइप केलं होतं.

"काका, बॅकस्पेस दाबा की." बॅकस्पेस म्हणजे चुकलेलं अक्षर पुसणारं बटण.

"नाय सर."

मला सर म्हणू नका, असं मी रोज सांगायचो. काका माझ्या वडिलांहून मोठे. वरसेहून सायकलने यायचे. एका कंपनीच्या गेटवर चोवीस वर्षं वॉचमन. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचं रजिस्टर त्यांच्याकडे. आता ते कॉम्प्युटरवर जाणार होतं. महिनाअखेरीला वॉचमन पुरवणारा ठेकेदार टेस्ट घेणार होता. नापास होईल त्याला घरी पाठवणार. काकांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

क्लासच्या मॅडम मागून म्हणाल्या, "असं चाललं तर काका एका गाडीत शिफ्ट संपवतील."

"गाडी थांबंल मॅडम," काका म्हणाले. "माझ्या सहीशिवाय हालत नाय."

सगळे हसले. मला मात्र टेस्टची काळजी होती. मी जरा चिडूनच म्हणालो, "अहो, पुसलेलं कोणाला कळत नाही!"

काकांनी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

"माझा एक जोडीदार होता. त्यानं रजिस्टरात पांढरी शाई लावली. चुकीचा टाइम लिवला होता, बस. त्याच आठवड्यात माल गेला. चोरी त्यानं नाय केली. पण साहेबांनी पान बघितलं आणि त्याला काढला. तवापासून माझं एकच. चुकलं की एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पायजे, बाजूला सही."

इतके दिवस मी समजत होतो की काका घाबरतात. आमच्या शेतावर वडील वाल पेरतात, त्यांना मी कधी असं सुनावलं नसतं. इथे खुर्ची माझी होती म्हणून सुनावलं.

त्या संध्याकाळी विचार केला. दुसऱ्या दिवशी काकांशेजारी स्टूल घेऊन बसलो.

"काका, रजिस्टरात लिहायच्या आधी गाडीचा नंबर तुम्ही तोंडाने म्हणून बघता?"

"व्हय. ड्रायव्हरला पण विचारतो."

"तेव्हा तोंडात चुकला तर रेघ मारता?"

"तोंडातल्याला कशी मारणार?"

"मग सेव्ह दाबेपर्यंत स्क्रीनवरचं तोंडातलंच समजा. शाई सेव्हला लागते. त्यानंतर चूक दिसली तर पुसायचं नाही. इथे शेऱ्याचा रकाना आहे, तिथे लिहायचं."

काकांनी रकाना दोनदा बघितला. "हे आधी नाय सांगितलंत."

खरंच सांगितलं नव्हतं. मलाच तो रकाना बिनकामाचा वाटत होता.

मग त्यांनी उजव्या हाताचं एक बोट बॅकस्पेसवर नेलं. एक अक्षर गेलं. माझ्याकडे बघितलं. दुसरं गेलं. आठवड्याभरात ते मिनिटाला एक गाडी आत घेऊ लागले. सेव्हच्या आधी मात्र नंबर मोठ्याने वाचायचे, आणि क्लासातलं कोणीतरी "जाऊ द्या आत!" म्हणायचं.

टेस्टच्या दिवशी मी गावाला होतो. भातकापणी होती. परत आलो तर मॅडमनाही काही कळलेलं नव्हतं. तीन आठवडे गेले. फोन करायचा धीर होईना. नापास झाले असतील तर काय बोलणार? एवढं मात्र केलं, की आता नव्या माणसाला पहिल्या दिवशी माऊस देण्याआधी विचारतो, आजवर काम काय करत होतात.

पुढच्या रविवारी गावाहून परतताना वडखळ नाक्यावर एसटी ट्रॅफिकमध्ये अडकली होती. मोबाईल वाजला. मेसेज पाठवायला काकांना मीच शिकवलं होतं. पाठवलेला मेसेज डिलीट कसा करायचा, तेही.

"सर पास झालो. गेटवरच ठेवला. उद्यापासून पहिली शिफ्ट."

लगेच खाली दुसरा आला.

"वरची नोंद चुकली. दुसरी शिफ्ट. बाकी बरोबर. सही, द. ग. म्हात्रे."