हिरवं स्वेटर

ट्रिऑर्की गावातल्या त्या गल्लीत कुणाचा घर गरम ठेवणारा गॅसचा बॉयलर रुसला की आधी एल्विन प्रॉसरचं दार वाजायचं. एल्विन बस-गॅरेजातून निवृत्त झालेला, फुकटात कामं करणारा आणि हौशी. खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमधली हवा सोडायची, काटा उतरला की पाण्याचा दाब वाढवायचा, गोठलेल्या पाइपावर कोमट पाणी ओतायचं, एवढं त्याला खरंच यायचं. त्यापलीकडचं आपल्याला येत नाही, हे मात्र त्याने कधी कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही.

शेजारच्या मिसेस बेनन वॉकर धरून चालायच्या. त्यांचा बॉयलर जुना, स्वयंपाकघरातली हवा घेऊन जळणारा. थंडी सुरू झाली तशी त्याची ज्योत सारखी विझू लागली.

"एल्विन, गॅसच्या इंजिनियरला बोलावू का रे?"

"मी मेलोय का? बटण दाबलं की झालं."

बटण दाबलं, ज्योत पेटली. मग त्याला छताजवळच्या, बाहेरची हवा आत घेणाऱ्या जाळीतून येणारा गार वारा जाणवला. त्या गल्लीत असल्या जाळ्या बुजवण्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. बायकोने, मेगनने, विणलेलं हिरवं स्वेटर कोपरांत फाटलं होतं. मेगन गेली तरी ते टाकवत नव्हतं. ते त्याने घरून आणलं आणि खुर्चीवर चढून जाळीत गच्च कोंबलं.

"आता बघा कशी ऊब राहते."

पुढे ज्योत पिवळी पडली, बॉयलरच्या अंगावर काजळी धरली. मिसेस बेननचं डोकं दुखू लागलं. एल्विनने काजळी फडक्याने पुसली, चहा केला आणि वयाचं आहे म्हणाला.

रविवारी दुपारी तो डोकावला तर त्या टेबलावर डोकं टाकून पडलेल्या, जीभ जड झालेली. त्याने दारं उघडली, गॅस बंद केला, त्यांना अंगणात ओढत आणलं आणि अँब्युलन्स बोलावली. हवा कोंडल्यावर बॉयलरमधून कार्बन मोनॉक्साइड सुटला होता; ना वास, ना रंग, असला तो विषारी वायू. थोडक्यात वाचल्या.

त्या घरी परतल्यावर सिआन नावाची तरुण इंजिनियर आली. तिने जाळीतून स्वेटर ओढून काढलं.

"हे कुणी कोंबलं?"

एल्विन दारातच उभा होता. तेवढ्यात मिसेस बेनन म्हणाल्या, "मीच गं. वारा लागायचा. म्हातारपणी अक्कल गहाण पडते बघ."

सिआनने छताजवळच्या जाळीकडे पाहिलं, वॉकरकडे पाहिलं, मग एल्विनकडे. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी तो गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्याची त्याला स्वेटरपेक्षा जास्त लाज वाटली.

"या गल्लीत आणखी कुठे जाळ्या बुजवल्यात का?" तिने साध्या आवाजात विचारलं.

आता गप्प राहणं शक्य नव्हतं.

"पलीकडे रीसबाईंकडे," तो म्हणाला. "मीच बुजवली. इथलीही मीच. यांनी नाही."

मिसेस बेनननी मान खाली घातली. सिआनने पेटी उचलली. "चला, दाखवा."

रीसबाईंनी दार उघडलं. चेहरा ओढलेला, एक हात कपाळावर.

"आलास होय? बरं झालं," त्या म्हणाल्या. "कालपासून डोकं नुसतं ठणकतंय, बॉयलरही कुरकुरतोय. इंजिनियरला फोन करणार होते, पण म्हटलं, आपला एल्विन आहे की."