ब्रेकमावशीच्या चाकांची झाकणं

ती गाडी शिकवते. शिकणाऱ्याच्या पायाशी असतो तसा एक ब्रेक तिच्याही पायाशी असतो आणि तो तिने दाबला की शिकणाऱ्याची हनुवटी छातीवर आपटते. म्हणून ती ब्रेकमावशी. मीही तिच्याकडेच शिकले, चाळिशी उलटल्यावर. पहिल्या दिवशी म्हटलं, "मावशी, भीती वाटते हो." ती म्हणाली, "वाटू दे. तिला मागच्या सीटवर बसव. स्टिअरिंग देऊ नकोस म्हणजे झालं."

जुनी पेट्रोलची गाडी थकली तेव्हा मावशीने विजेवरची घेतली. तिच्या चाकांवर सपाट, राखाडी, ताटांसारखी प्लास्टिकची कव्हरं होती. शोरूममधल्या माणसाने समजावलं होतं, की उघड्या चाकात वारा घुसळतो आणि गाडीला मागे ओढतो. कव्हर असलं की तो बाजूने सरळ निघून जातो, बॅटरी वाचते. मावशीला हे इतकं पटलं की ती प्रत्येक शिकाऊ माणसाला ते ऐकवायची. आणि प्रत्येक शिकाऊ माणूस ती कव्हरं फुटपाथच्या कडेला घासून आणायचा. मीसुद्धा.

एका रविवारी लेक-जावई आले. जावयाला गाड्यांचं भारी वेड. त्याने कव्हरावर टिचकी मारली. "आई, काढून टाका ही झाकणं. आतली चाकं किती देखणी आहेत! आणि शिकवणीची गाडी धावते किती? सायकलवाले मागे टाकतात तुम्हाला. तिथे कसला वारा अन् कसली बचत?"

जावयाचं ऐकून घ्यावं, मनावर घेऊ नये, असं मावशीचं धोरण. पण हे तिच्या जिव्हारी लागलं. ती म्हणाली, "बघू या की करून."

पुढच्या शनिवारी आम्ही निघालो. लेकीचं गाव मोठ्या रस्त्याने बरंच लांब, म्हणजे परीक्षेला बरं. मला बरोबर घेतलं, कारण "हे माझ्या प्रेमापोटी आकडा फुगवून सांगतील. तू खरं बोलशील." हे म्हणजे काका. काका पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. छापील फलक आले आणि ब्रश डब्यात गेले. आता मावशीच्या शेजारी बसून घाबरणं, एवढंच काम उरलं होतं.

बॅटरी पूर्ण भरलेली, टायरमध्ये हवा मोजून भरलेली, वेग ऐंशी, एसी बंद, काचा वर.

"अगं, बोटभर तरी काच खाली कर," काका घाम पुसत म्हणाले.

"नाही. वारा आत आला की हिशेब बिघडतो."

"आणि मी बिघडलो तर?"

"तुम्ही काय, मिळालात तेव्हापासून तसेच आहात."

लेकीच्या दारात बॅटरी एकेचाळीस टक्के उरली. पुढच्या शनिवारी कव्हरं काढून गेलो, चाळीस उरली. जावई पोट धरून हसला. "एक टक्का! एवढा फरक तर त्या दिवशीच्या वाऱ्यानेसुद्धा पडतो, आई."

"मग परत करू," मावशी म्हणाली. काकांनी कपाळाला हात लावला.

शनिवारांमागून शनिवार गेले. कव्हरं असली की बहुतेक वेळा एखाद-दोन टक्के जास्त उरायचे. एकदा समोरून वारा सुटला आणि सगळं उलटं झालं. गावातल्या गल्लीबोळांत मात्र कव्हरं लावा नाहीतर काढा, काडीचाही फरक दिसेना.

शेवटी लेकीच्या घरी चहा पिताना मावशीने निकाल दिला. "जावईबापू, मोठ्या रस्त्यावर फायदा आहे, पण चिमूटभर. गावात नाही. तुम्ही अर्धे बरोबर."

"आणि तुम्ही?"

"उरलेली अर्धी मी!"

मग गावात उगाच घासली जाऊ नयेत म्हणून कव्हरं मागच्या खोलीत खिळ्यांना लटकली. चार गोल, सपाट, कोऱ्या पाट्याच त्या. काका येता-जाता त्यांच्याकडे बघायचे.

एका दुपारी आम्ही शिकवणीहून परतलो तर घरभर टर्पेंटाइनचा वास. काका जमिनीवर पाय पसरून बसलेले, मांडीवर कव्हर. निळी किनार आणि आत लाल, गोलाकार वळणारी अक्षरं: ब्रेकमावशी. एखादी रेष जरा हलली होती. पण वेलांटी अशी डौलदार, की बघत राहावं.

आता वीज कडाडणार म्हणून मी दारातच थांबले.

"अहो, रंगाने वजन नाही का वाढणार?" मावशी म्हणाली. मग खाली बसून तिने निरखून पाहिलं. "या 'व'चं पोट जरा सुटलंय."

"ज्याचं नाव त्याच्यासारखं," काका ब्रश न थांबवता म्हणाले.

पुढच्या खेपेला रंगवलेली कव्हरं चढली. काकांचा डोळा आरशातून चाकावर. "सावकाश गं, रंग अजून कच्चा आहे. अक्षरं उडतील." कुणासाठी वेग कमी न करणारी मावशी साठवर आली. ट्रकवाले हॉर्न देत पुढे निघून गेले, आणि ती चक्क गुणगुणत होती.

लेकीच्या दारात बॅटरी बावन्न टक्के! जावई वाकून आकडा बघतच राहिला. "आई, एवढी बचत? कव्हरांनी?"

"कव्हरांनी नाही हो, नवऱ्याने. साठच्या वर जाऊच दिलं नाही."

जावयाने दोन्ही हात जोडले. "यापुढे मी वाद घालणार नाही. वेगापुढे सगळी झाकणं फिकी."

काका तोवर चाकापाशी उकिडवे बसून रुमालाने धूळ पुसत होते. गाडी थांबली तेव्हा नाव नेमकं उलटं आलं होतं.

"अगं, जरा पुढे घे ना गाडी. नाव सुलटं येऊ दे."

मावशीने चपला काढून उंबऱ्यात पाऊल ठेवलं होतं. ती चपला पुन्हा पायात सरकवून गाडीत बसली, आणि काकांच्या हाताकडे बघत गाडी हळूहळू पुढे घेऊ लागली.