तांडेलाचं रीळ

आमच्या दगडी गडग्यापलीकडे राहणारा माणूस समुद्राला पाठ करून बसतो. पावससारख्या समुद्रकाठच्या गावी घर बांधून असं कुणी करतं का? पण गुणाजी भावोजींची खुर्ची कायम रस्त्याकडे तोंड करून. समुद्राकडून कुणी येत नाही, रस्त्याने चुकूनमाकून कुणी येऊ शकतं, असा त्यांचा हिशेब असावा.

भावोजी म्हणते, कारण त्यांची बायको गुणवंती माझी लहानपणीची मैत्रीण. पावस तिचं माहेर. उभा संसार तिने अलोऱ्याच्या वसाहतीत केला, कारण भावोजी पोफळीच्या पॉवरहाउसात फिटर होते. ते निवृत्त झाल्यावर हिला समुद्र आठवला. भावाने बागेतला कोपरा दिला, दोन खोल्या उभ्या राहिल्या, आणि आंब्याचा एक हंगाम जेमतेम बघून ही बया देवाघरी निघून गेली. मुलगी ज्ञानेश्वरी पुण्याला असते. तिचा फोन आला की भावोजी "हो, बरा आहे, जेवलो" एवढं बोलून फोन ठेवतात. बायकोच्या माहेरी बायकोशिवाय राहायचं म्हणजे लग्न उरकल्यावर मांडवात बसून राहण्यातली गत. मला त्यांची दया येते आणि रागही येतो. कारण माणूस वाईट नाही, पण आपणहून कुणाच्या पायरीला पाय लावेल तर शपथ.

गुणवंती सांगायची, वसाहतीत यांच्याकडे सतत वर्दळ. कुणाचा मिक्सर बंद, कुणाची इस्त्री तापत नाही, कुणाचा पंखा कुरकुरतो. माणूस बिघाड घेऊन यायचा, तो निघेपर्यंत बसायचा, ती चहा टाकायची, गप्पा व्हायच्या. भावोजींना वाटलं, माणसं अशीच येतात. ती एकमेकांकडे उगाचही जातात, हे त्यांना कुणी शिकवलं नाही.

इथे आल्यावर त्यांना काम मिळालं ते मासे गरवणाऱ्यांच्या रिळांचं. हल्ली खडकावर हौशी लोक रॉड घेऊन उभे असतात, त्यांची दोरा गुंडाळायची रिळं खाऱ्या वाऱ्याने हटकून अडतात. स्वतः भावोजींनी जन्मात पाण्यात गरी टाकलेली नाही. घाटाखालचा डोंगरातला माणूस, बोटभर बारकी मासळी खातानाही काटे चाचपतो. पण आटे, दात, स्प्रिंग म्हटलं की बोटं आपोआप चालतात.

तसाच एका थंडीत हरिश्चंद्र तांडेल आला. जवळच्या रनपारला मोठ्या बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता, आता गुडघे दुखतात म्हणून बोट सोडलेली. मुलाने दुबईहून भारीपैकी रॉड आणि रीळ पाठवलं होतं. रोज पहाटे खडकावर जाऊन तो गरवत बसायचा. बायको नाही, घरात सून आणि टीव्ही. समुद्र सोडला तर त्याचं बोलणं ऐकणारं कुणी नव्हतं.

"जावईबापू, बघा हो, तंगूस एका अंगालाच गुंडाळतंय. डोंगर झालाय नुस्ता," त्याने गाडीवरूनच आरोळी ठोकली. गावच्या लेकीचा नवरा, म्हणून जावईबापू.

त्या रिळाची रचना भावोजींनी मला नंतर उलगडून दाखवली. तंगूस, म्हणजे गरीचा दोरा, सारखा पसरावा म्हणून रिळाच्या तोंडाशी एक कडं असतं. हँडल फिरवलं की ते या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालतं. त्याच्या आत आट्यांची एक दांडी, आणि त्या आट्यांत चालणारी नखाएवढी पितळी जीभ. टोकाला जाऊन जीभ वळली की कडं परत फिरतं. जीभ अडली की कडं तिथेच थबकतं आणि दोऱ्याचा ढीग होतो. मग पुढच्या फेकीला असा गुंता, की तो सोडवता सोडवता भरती निघून जाते.

भावोजींनी हँडल फिरवून पाहिलं तर कडं सुरळीत चाललेलं. पुढच्या आठवड्यात तांडेल पुन्हा हजर, तीच तक्रार, आणि इथे आल्यावर पुन्हा सगळं सुरळीत. शेवटी भावोजींनी रीळ रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी गारठ्यात फिरवलं तर कडं टोकाला जाऊन ठप्प! झाकण उघडलं. आत पांढरं, मऊ, मेणासारखं काहीतरी, त्यात वाळूचे कण. नाकाला लावलं.

खोबरेल.

आमच्याकडे गंज चढेल त्या प्रत्येक वस्तूला खोबरेल लागतं. कोयता, अडकित्ता, कुलूप, विळीचं पातं. तांडेलानेही समुद्रावरून आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुऊन त्याला इमानेइतबारे खोबरेल पाजलं होतं. आणि खोबरेल थंडीत थिजतं, हे कोकणात कुणाला सांगावं लागतं? पौषात आम्ही बाटल्या गडग्यावर उन्हात ठेवतो. पण काखेत कळसा म्हणतात तो असा. पहाटे खडकावर थिजायचं, ऊन वर आल्यावर पावसला पोचेपर्यंत वितळायचं.

एक वाक्य पुरे होतं, "तांडेल, खोबरेल घालू नका." भावोजींनी ते उच्चारलं नाही. रॉकेलने जीभ धुतली, मशीनचं पातळ तेल सोडलं, झाकण लावलं आणि म्हणाले, "काय झालं तर परत आणा."

झालं. तांडेल घरी जाऊन पुन्हा खोबरेल घालणार, आठ दिवसांनी पुन्हा येणार. आला की दोन-दोन तास बसायचा. वादळात अडकलेल्या बोटी, जाळ्यात आलेलं कासव, सुनेच्या आमटीतलं पाणी, काय काय सांगायचा. भावोजी जीभ पुसत ऐकायचे. गडग्याच्या अलीकडून मला त्यांचं हसणं ऐकू यायचं. गुणवंती गेल्यापासून ते घर हसलं नव्हतं. तांडेल येण्याच्या दिवशी भावोजी धुतलेला सदरा घालू लागले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या थंडीतही तेच चाललं.

मग एका सकाळी तांडेल आला तो आरोळी न देता. रॉड-रीळ ओटीवर ठेवलं.

"ह्या तुमच्याकडंच ठेवा. कुणाला हवं तर द्या."

"का? काय झालं?"

"रीळ बरा हाय. माजे हात गेले." त्याने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. "मोठी तांबोशी लागलेली आज. दोरा गुंतला, तुटला. पोरा हसली. एवढी वर्सा मी दर्यात काढली, मना आता दोरा गुंडाळता येत नाय. तुमी दर वेळेला बगता, तुमाला काय गावत नाय. मंग खोट माज्यातच ना?"

मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते, माझा हात थांबला.

"बरा झाला म्हणा," तांडेल पुढे म्हणाला. "आता खडकावर जायचा नाय. रोज सकाळी हितंच येईन. दोगं बसू."

रोज सकाळी! भावोजी ज्याची वाट बघत रस्त्याकडे तोंड करून बसायचे, ते आपल्या पायांनी दारात आलं होतं. फक्त तोंड मिटून बसायचं होतं, आणि ते तर त्यांना छान जमायचं. पण तांडेल आपल्या हातांकडे बघत होता, आणि भावोजी तांडेलाकडे.

"तांडेल, हातांना काही झालेलं नाही," भावोजी म्हणाले. "तुम्ही खोबरेल घालताय. थंडीत थिजतंय ते. जीभ अडकते."

"कधी कळला तुमाला?"

"गेल्या थंडीत."

मग तांडेलाचा आवाज आला, आणि तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी रात्रीचा हात चोळत बसायचो, जावईबापू. सुनेला दिसू नये म्हणून अंधारात."

रॉड-रीळ उचलून तो गेला. भावोजी त्याच्या मागे रस्त्यापर्यंत गेले, मशीनच्या तेलाची कुपी हातात घेऊन. तांडेलाने कुपी घेतली, खिशात टाकली आणि गाडी चालू केली.

त्यानंतर तो आला नाही. पहिले काही दिवस भावोजींनी सदरा धुतला, मग तेही बंद झालं. मी आमटी नेऊन दिली की भांडं घासून गडग्यावर ठेवतात, हाक मारत नाहीत. एकदा मी बोलून गेले, "कशाला सांगितलंत?" तर म्हणाले, "त्याचे हात चांगले आहेत हो." एवढंच. मला रडू आलं, ते मी मिरच्यांवर ढकललं.

परवा मासळी आणायला रनपारला गेले होते. तांडेल खडकावर उभा होता. दोरा फेकला तो सरळ लांब गेला, आणि परत येताना रिळावर कसा एकसारखा बसला! दोन तांबोशी शेजारी पडलेल्या. मला बघून हसला. राग कधीच निवळला होता, मला दिसत होतं. नाहीतरी समुद्रावरच्या माणसाला राग धरून परवडत नाही.

"जावई बरा हाय ना?" त्याने विचारलं. "ये म्हणावा हिकडं. माजे गुडगे, गाडी आता सून चालवायला देत नाय. नायतर मीच आलो असतो."

मी मासळीची पिशवी घेऊन तशीच धावत घरी आले, पायऱ्या चढताना धाप लागली. भावोजी खुर्चीत होते.

"तांडेलाने बोलावलंय तुम्हाला. या म्हणालाय."

ते ताडकन उठले. आत जाऊन हत्यारांची पिशवी घेऊन आले, पायात चप्पल सरकवली. चेहरा असा उजळला होता की गुणवंतीने बघायला हवा होता.

"काय बिघडलंय?"

"काही नाही. रीळ झकास चालतंय."

"मग?"

"मग काय? नुसतं या म्हणालाय. बसायला."

भावोजी पायरीवर थांबले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नुसतं कसं जायचं?" त्यांनी मला विचारलं, आणि मला कळलं की हे त्यांना खरंच माहीत नाही.